नावातली मोकळी जागा

बाबांचा लॅपटॉप गेला तेव्हा मी अजिबात घाबरलो नव्हतो. हार्ड डिस्क उडाली होती, बटण दाबलं की आतून नुसतं टक टक आणि स्क्रीन काळी, आणि बाबा शेजारी उभे राहून एकच विचारत होते, पत्रं गेली का रे, सगळी गेली का. मी म्हटलं, बाबा काही जात नाही, रोज रात्री बॅकअप होतो, दोन वर्षांपूर्वीच स्क्रिप्ट लावून ठेवलीये, तुम्ही बसा निवांत. ते बसले. माझ्या शब्दावर बसले, हे मला अजून टोचतं.

पत्रं आजीची. बाबा शिकायला बाहेर होते तेव्हा तिने त्यांना लिहिलेली, आणि बहुतेकांवर तारीखच नाही. रिटायर झाल्यावर बाबांनी ती सगळी स्कॅन केली आणि मग खरं काम सुरू केलं, म्हणजे एकेक पत्र उघडायचं, वाचायचं, आठवायचं की हे कधीचं असेल, कशाबद्दलचं असेल, आणि मग फाइलला नाव द्यायचं. नावं कशी, तर "परीक्षेनंतर दुसऱ्या दिवशीचं पत्र पान 1". "आई पावसाबद्दल लिहिते". "नीट वाचता येत नाही पण खाली सही आहे". माणूस बोलतो तशी नावं. पत्रांचा क्रम कुठेच लिहिलेला नव्हता, वेगळी यादी नव्हती, वही नव्हती, जे काही बाबांना आठवलं ते सगळं फाइलच्या नावात होतं.

मी माझ्या मशीनवर बॅकअपचं फोल्डर उघडलं. मूळ फोल्डरमध्ये 814 फाइल्स होत्या हे बाबांना पाठ होतं. बॅकअपमध्ये 127 निघाल्या. आणि त्या 127 ची नावं बघून माझ्या पोटात खड्डा पडला, कारण सगळी एकाच वळणाची होती, स्कॅन0003, स्कॅन0017, स्कॅन0128. म्हणजे स्कॅनरने आपणहून दिलेली नावं. ज्या पत्रांपर्यंत बाबा अजून पोचलेच नव्हते तेवढीच पत्रं बचावली होती, आणि ज्यांना त्यांनी हाताने नाव दिलं त्यातलं एकही नाही.

कारण कळायला मला मिनिटभरही लागलं नाही. बाबांचं फोल्डर घरातल्या नेटवर्कवर शेअर केलेलं होतं, माझं लिनक्स मशीन रात्री दोन वाजता क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, ती स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहिलेली फाइल, चालवायचं, आणि त्या स्क्रिप्टचा गाभा होता या तीन ओळी:

फॉर एफ इन $(एलएस /शेअर/पत्रं); डू
सीपी /शेअर/पत्रं/$एफ /बॅकअप/पत्रं/ 2>/डेव्ह/नल
डन

ज्याला शेल स्क्रिप्ट लिहायची सवय आहे त्याला इथे काय झालं ते लगेच दिसेल, बाकीच्यांसाठी सावकाश सांगतो. शेल म्हणजे आपण लिहिलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, सीपी ही फाइल कॉपी करायची कमांड, आणि फॉर ते डन हा लूप, म्हणजे यादीतलं एकेक नाव $एफ मध्ये घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा. एलएस फोल्डरमधल्या नावांची यादी छापतो, एका ओळीवर एक नाव. ती यादी $( ) मधून बाहेर आली की शेलच्या हातात एक लांबलचक मजकूर येतो आणि शेल तो मजकूर तोडतो. कुठे तोडायचं हे आयएफएस नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवायच्या जागेत, असतं, आणि तुम्ही हात लावला नाहीत तर त्यात तीन चिन्हं असतात, स्पेस, टॅब आणि नवी ओळ. यातलं कुठलंही दिसलं की तोड. म्हणजे "आई पावसाबद्दल लिहिते.जेपीजी" ही एक फाइल लूपमध्ये तीन वेळा येते, एकदा "आई", एकदा "पावसाबद्दल", एकदा "लिहिते.जेपीजी". सीपी बिचारा तिन्ही वेळा शोधतो, तिन्ही वेळा म्हणतो अशी फाइल नाही. स्कॅन0003 ला मात्र काही होत नाही, त्यात तोडायला जागाच नाही.

आणि मग ते 2>/डेव्ह/नल. त्याचा अर्थ, एरर कुठेही न दाखवता फेकून दे. सीपी दोन वर्षं रोज रात्री हजारो ओळींत सांगत होता की अरे या फाइल्स सापडत नाहीयेत, आणि मी ते सगळं ऐकायच्या आधीच फेकून देत होतो. क्रॉन आउटपुटचा ईमेल पाठवतो, त्या ईमेलचा मला कंटाळा आला होता, एवढंच त्यामागचं कारण. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तसा तो बॅकअप.

हे पुढचं मला दोन दिवसांनी सुचलं आणि ते सगळ्यात जास्त लागलं. कागदावरची पत्रं शाबूत होती, ट्रंकेत. स्कॅन परत करता येणार होते. जे गेलं होतं ते फक्त नावं, म्हणजे बाबांचं दोन वर्षांचं आठवणं. आणि ती नावं त्या एररमध्ये होती! एलएस क्रमाने यादी देतो, शेल क्रमाने तोडतो, त्यामुळे एररसुद्धा क्रमानेच आल्या असणार, "आई" नाही, "पावसाबद्दल" नाही, "लिहिते.जेपीजी" नाही, आणि .जेपीजी आलं की एक नाव संपलं. क्रॉनखाली बहुतेक वेळा साधा सी लोकेल, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणारी सेटिंग, असतो त्यामुळे मराठी अक्षरांच्या जागी बॅकस्लॅश आणि ऑक्टल, म्हणजे आठच्या पायावरचे, आकडे उमटले असते, पण ते उलट फिरवणं काही कठीण नाही. एका रात्रीचा लॉग जरी ठेवला असता तरी 687 च्या 687 नावं ओवून परत मिळाली असती. मी ती शून्यात पाठवत होतो, रोज रात्री दोन वाजता.

पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची एकच असते. ज्याला सांगितलं तो म्हणाला, अरे पण फाइलच्या नावात स्पेस कशाला द्यायची, अंडरस्कोर द्यायचा ना. बाबांनीही मला हेच विचारलं, आणि नुसतं विचारलं नाही तर नवीन लॅपटॉपवर पहिल्या फाइलला नाव देताना त्यांनी खरंच "आई_पावसाबद्दल_लिहिते" असं टाइप केलं, एकेका बोटाने, शिफ्ट दाबून धरून. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, बाबा, तुम्ही स्पेस द्या. चूक माझी होती, तुमची नव्हती.

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो नाही, मला तसंच वाटतं. युनिक्सच्या (लिनक्स त्याच घराण्यातलं) कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, फाइलच्या नावात फक्त दोन बाइट चालत नाहीत. एक स्लॅश, कारण तो फोल्डर वेगळे करतो, आणि दुसरा नल, म्हणजे ज्याची किंमत शून्य आहे तो बाइट, कारण सी भाषेत मजकूर तिथे संपतो. बाकी सगळं चालतं, स्पेस चालते, नवी ओळसुद्धा चालते. मॅकवर 1984 पासून लोक नावात स्पेस देतायत, विंडोजवर 1995 पासून लांब नावं सर्रास झाली आणि विंडोजचं स्वतःचं फोल्डर "प्रोग्राम फाइल्स" आहे, मधे स्पेस. म्हणजे सिस्टिमने परवानगी दिलीये, माणसाने ती वापरली, आणि मधे बसलेल्या माझ्यासारख्याने आळस केला.

आणि मराठी लिहिणाऱ्याला तरी मधल्या जागेचं महत्त्व सांगायला नको. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं हे शाळेत घोटून घेतलेलं असतं, "घरासमोर" एक शब्द, "घरा समोर" लिहिलं की लाल रेघ. कुठे तोडायचं आणि कुठे जोडायचं यातच अर्थ असतो. अंडरस्कोर टाकून सगळं एकाला एक बांधलं की ते वाचता येतं, पण ते नाव राहत नाही, ते लेबल होतं.

शेल असा का वागतो याचं उत्तर जुनं आहे. स्टीफन बोर्न यांचा शेल बेल लॅब्जमधून 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आला, तेव्हा त्या सिस्टिमवर फाइलच्या नावाला 14 अक्षरांची मर्यादा होती. कोण त्यात स्पेस घालवणार. आणि त्या शेलमध्ये ॲरे नव्हता, म्हणजे एका व्हेरिएबलमध्ये चार गोष्टी ठेवायच्या तर मधे स्पेस देऊन एका ओळीत लिहायच्या आणि वापरताना शेलने त्या तोडायच्या. सोय होती ती. ऑप्शन्स एका व्हेरिएबलमध्ये साठवून कमांडला द्यायचे ही पद्धत अजून चालते. मला त्या लोकांचा राग नाही, त्यांच्या जागी ते बरोबर होते. पुढे बॅश हा नवा शेल 1989 मध्ये आला तेव्हा त्याला जुन्या स्क्रिप्ट चालवायच्याच होत्या, म्हणून तोडणं तसंच राहिलं. झी शेलने मात्र वेगळा रस्ता धरला, तिथे कोट न केलेलं व्हेरिएबल आपोआप तुटत नाही, फिश शेलमध्येही नाही. 2019 पासून मॅकवर झी शेल आपसूक मिळतो, त्यामुळे तिथे टर्मिनलवर करून बघितलं की सगळं नीट चालतं आणि तीच ओळ बॅशच्या स्क्रिप्टमध्ये टाकली की फुटते, हा घोळ मी दोनतीन मित्रांच्या बाबतीत बघितलाय.

उपाय तसा एवढासा आहे. डबल कोट्स. $एफ नाही, "$एफ". कोट्स आहेत तिथे शेल व्हेरिएबलची किंमत घालतो पण नंतर तोडत नाही. इथे क्रम लक्षात ठेवला की बरंच काही सुटतं: आधी व्हेरिएबलच्या जागी किंमत, मग तोडणं, आणि मग तुकड्यांमध्ये तारा, प्रश्नचिन्ह किंवा चौकटी कंस असतील तर त्यांना पॅटर्न समजून फाइल्सशी जुळवणं. हे तिसरं लोक विसरतात. "महत्त्वाचं * पत्र" अशा नावाची फाइल असेल आणि तुम्ही कोट न करता आरएम $एफ (आरएम म्हणजे फाइल पुसायची कमांड) लिहिलंत तर मधला तो एकटा तारा म्हणजे त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स, आणि आरएम त्या सगळ्या उडवतो. विंडोजवर नावात तारा देता येत नाही, पण चौकटी कंस येतो, आणि बाबा पानांचे नंबर कधी कधी चौकटी कंसात लिहितात. "पान[2].जेपीजी" कोट न करता दिलं की शेल ते पॅटर्न म्हणून वाचतो, म्हणजे कंसातल्यापैकी एक अक्षर, म्हणजे "पान2.जेपीजी", आणि त्या नावाची फाइल शेजारी असेल तर तीच उचलली जाते. एरर नाही, काही नाही. भलतीच फाइल कॉपी होते. गाजावाजा करून फुटणारी स्क्रिप्ट परवडली, ही नको.

माझ्या स्क्रिप्टमध्ये मात्र नुसते कोट्स टाकून भागलं नसतं, हे सांगायलाच हवं कारण बहुतेक जण इथेच फसतात. $(एलएस) मधून आलेली यादी लूपला मिळायच्या आधीच तुटलेली असते, मग आत "$एफ" केलं काय आणि नाही काय, तुटलेला तुकडाच कोट होणार. आणि $(एलएस) ला बाहेरून कोट केलं तर सगळी यादी मिळून एकच नाव. लूपला एलएस द्यायचाच नाही, सरळ तारा द्यायचा, फॉर एफ इन /शेअर/पत्रं/*. ताऱ्यातून निघालेली नावं शेल परत तोडत नाही, कारण तोडण्याची पायरी आधीच होऊन गेलेली असते. हे कळलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, इतकी वर्षं मी उलटं समजत होतो.

फोल्डरच्या आत फोल्डर असतील तर फाइंड ही शोधणारी कमांड, आणि तिथे नावं एकामागे एक पाठवताना मधे काय ठेवायचं हा प्रश्न येतो. स्पेस नको, नवी ओळही नको कारण तीही नावात असू शकते. उरतो तो नल, जो नावात असूच शकत नाही. फाइंडला -प्रिंट0 आणि पलीकडे ती नावं घेऊन दुसऱ्या कमांडला देणाऱ्या एक्सआर्ग्जला -0. मला ही जोडी फार आवडते, ज्या बाइटला नावात मनाई आहे तोच दोन नावांमधली भिंत म्हणून उभा राहतो. वर्षानुवर्षं हे जवळपास सगळीकडे चालायचं तरी पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामायिक प्रमाणात, नव्हतं, 2024 च्या आवृत्तीत ते एकदाचं आलं, आणि सोबत मजकूर वाचून घेणाऱ्या रीड या कमांडचा -डी हा ऑप्शनसुद्धा. ओळीओळीने वाचायचं असेल तर व्हाइल आयएफएस= रीड -आर, त्यातलं आयएफएस= हे पुढच्या मागच्या स्पेस वाचवतं आणि -आर बॅकस्लॅश वाचवतो, दोन्ही लागतात. स्क्रिप्टला दिलेली नावं पुढे द्यायची तर "$@", कोट्ससकट, प्रत्येक नाव वेगळं आणि अख्खं राहतं. "$*" ने सगळी मिळून एक होतात. एसएसएचने दुसऱ्या मशीनवर कमांड पाठवलीत तर पलीकडे अजून एक शेल बसलेला असतो आणि तो परत तोडतो, तिथे पुन्हा कोट करावं लागतं, हे मला अजूनही दर वेळी थांबून विचार करून लिहावं लागतं.

मी लिहिलेली स्क्रिप्ट घरातली होती, नुकसान घरातलं झालं. पण हीच चूक जगभर झालेली आहे. नोव्हेंबर 2001 मध्ये आयट्यून्स 2.0 चा मॅक ओएस टेनवरचा इन्स्टॉलर जुनी आवृत्ती काढताना डिस्कचं नाव कोट न करता आरएमला देत होता, आणि ज्यांनी आपल्या डिस्कला मधे स्पेस असलेलं नाव दिलं होतं त्यातल्या काहींच्या अख्ख्या डिस्क पुसल्या गेल्या, मग घाईघाईने 2.0.1 काढावी लागली. 2011 मध्ये लिनक्सवरच्या बंबलबी या प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये उलटं झालं, पाथमध्ये, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यात, यूएसआर नंतर एक स्पेस जास्तीची पडली आणि आरएमने पूर्ण /यूएसआर, म्हणजे जिथे बहुतेक प्रोग्रॅम असतात ते फोल्डर, उडवलं. एकीकडे स्पेस सांभाळली नाही म्हणून, एकीकडे नको तिथे पडली म्हणून. डिस्कला नाव देणाऱ्या त्या माणसांची काय चूक होती सांगा. आपल्या वस्तूला आपल्याला हवं ते नाव दिलं, बस.

आता मी कुठलीही स्क्रिप्ट शेलचेकमधून, म्हणजे शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढल्याशिवाय क्रॉनला लावत नाही. कोट नसलेलं व्हेरिएबल दिसलं की ते एससी2086 असा नंबर देऊन सांगतं. माझ्या जुन्या स्क्रिप्टवर चालवून बघितलं, दहा सेकंदांत बोट ठेवलं त्याने.

आम्ही सगळं परत केलं. ट्रंकेतनं पत्रं काढली, मी स्कॅन करायचो, बाबा वाचायचे आणि नाव सांगायचे, सात महिने दर रविवारी. काही नावं त्यांना जशीच्या तशी आठवली. काही आठवली नाहीत, आणि काही पत्रांना त्यांनी या वेळी वेगळंच नाव दिलं, "आई पावसाबद्दल लिहिते" चं आता "आईला माझी काळजी वाटते पण पावसाबद्दल लिहिते" झालंय. ते मी बदलू दिलं नाही असं नाही, मी फक्त टाइप केलं.

नवा बॅकअप आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने होतो, पाथ कोट केलेला, एरर लॉगमध्ये जातात, आणि शेवटी दोन्हीकडच्या फाइल्स मोजून आकडा मला येतो. जुळला नाही तर लाल. पहिल्याच महिन्यात एकदा लाल आला, एक फाइल कमी, आणि लॉगमध्ये लिहिलं होतं नाव फार लांब आहे. बघतो तर बाबांनी एका पत्राला जवळजवळ परिच्छेद दिला होता. विंडोजची डिस्क नाव मोजताना 255 अक्षरं मोजते पण माझ्याकडची लिनक्सच्या ईएक्सटी4 पद्धतीची डिस्क 255 बाइट मोजते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना मात्रा हलंतासकट, यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. "पत्र" एवढ्याशा शब्दाला 12 बाइट लागतात. स्पेसला मात्र एकच. त्या नावातला एकेक शब्द गाळत आम्ही दोघं अर्धा तास बसलो होतो, बाबांना कुठलाच शब्द सोडवत नव्हता.

सध्या एक नवीन प्रकार चालू आहे. "दुसऱ्या" या शब्दाने सुरू होणारी दोन फोल्डरं झालीत, दिसायला एकदम सारखी, पण सर्च केलं की एकच सापडतं. बाबा कधी लॅपटॉपवरून टाइप करतात कधी फोनवरून, आणि तो अर्धा र एक कीबोर्ड ऱ या अक्षराने लिहितो, दुसरा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर लावून. "ऱ्या" मधला ऱ, हलंत आणि य मिळून एकीकडे नऊ बाइट होतात, दुसरीकडे बारा. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करायची रीत, या दोघांना एक करत नाही, मी करून बघितलं. म्हणजे आता तो न दिसणारा जॉइनर नावांतून शोधून काढणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहायचीये, आणि फाइल्स हलवायच्या आधी बाबांना विचारायचंय की कुठलं पत्र कुठल्या दुसऱ्या दिवसाचं.